पाणी येतं का?

दर वेळेप्रमाणे, ज्यांना बसच्या गर्दीत एपिसोड ऐकता येत नाही त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये गडबडीत राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी मध्ये घातल्यात, आणि बाबांनी काढायला सांगितलेलं एक वाक्य काढलंय.

आज इतिहासच सांगणार आहे, पण सुरुवात आमच्या हॉलमधून.

आमचं घर मुठेच्या काठी, सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला. तळमजला, दोन बेडरूम. बाबांनी १९९८ साली घेतलेलं. ते विकायला काढलंय. मागच्या महिन्यात एजंट एका जोडप्याला घेऊन आला. दोघं आमच्याच वयाचे, कडेवर वर्षाचं बाळ. ताईंनी किचन पाहिलं, नळ सोडून पाहिला आणि पुण्यात घर बघायला आलेला प्रत्येक माणूस जे विचारतो तेच विचारलं, "काका, पाणी येतं का?"

बाबा म्हणाले, "भरपूर. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा."

मी गप्प बसले. कारण मी ज्या शोकेसला टेकून उभी होते त्याच्या मागे भिंतीवर पेन्सिलची एक रेघ आहे. माझ्या कमरेइतकी उंच. २५ जुलै २०२४ ला पहाटे घरात पाणी शिरलं, ते उतरल्यावर आईने ती ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. बाकी सगळ्या भिंतींना नंतर रंग दिला. शोकेसमागे रंगारी गेला नाही, म्हणून ती राहिली.

ते लोक गेल्यावर घरात भांडण झालं. बाबांचं म्हणणं साधं होतं: त्यांनी पुराबद्दल विचारलं नाही, आपण सांगितलं नाही, यात खोटं काय? मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे चिडता आलं, उत्तर देता आलं नाही. म्हणून मग शोधायला बसले, आणि त्यातून हा एपिसोड झाला.

पुण्यात पुराची गोष्ट १२ जुलै १९६१ पासूनच सुरू करावी लागते. पानशेत धरण आंबी नदीवर, मातीचं. त्याचं काम पुरतं झालेलं नव्हतं, पाणी सोडायच्या मार्गाचं कामही अर्धवट होतं, आणि पावसाळा कोणाच्या कामासाठी थांबत नाही. पाणी चढत गेलं, धरणाचा बांध खचायला लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध धरून ठेवायचा प्रयत्न केला. त्यांच्या त्या मेहनतीमुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं, आणि हजारो लोक झोपेत वाहून जायचे वाचले असं पुण्यात आजही मानतात. खालचं खडकवासलाही त्याच दिवशी फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले.

माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची, नवी नवरी. तिच्याकडून ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीये, आणि तिच्या गोष्टीत पुरापेक्षा जास्त वेळ पुरानंतरचे दिवस घेतात. कारण शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातून यायचं, आणि खडकवासला रिकामं झालेलं. गळ्यापर्यंत पाणी येऊन गेलेल्या गावात नळ कोरडे. लोक बुजत आलेल्या विहिरी उपसायला लागले. आजी म्हणायची, "पाणी आलं तेव्हा सगळं नेलं, आणि गेलं तेव्हा प्यायला ठेवलं नाही."

आजोबांचा वाडा गेला. त्यांच्यासारख्या हजारो कुटुंबांना सरकारने नदीपासून लांब जागा दिल्या. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर हे भाग आज आपल्याला मध्यवस्तीतले वाटतात, पण त्यांची वाढ मोठ्या प्रमाणात या पुनर्वसनातून झाली. आजोबांना सहकारनगरच्या बाजूला एका पूरग्रस्त सोसायटीत घर मिळालं. जमीन सरकारी, भाडेपट्ट्यावर. तिथे आता माझे काका राहतात, आणि त्यांच्या कागदपत्रांवर 'पूरग्रस्त' हा शब्द इतक्या वेळा येतो की काकू त्याला आमचं आडनाव म्हणते.

आता गंमत बघा. काकांच्या घरात आजतागायत पुराचं थेंबभर पाणी आलं नाही, पण त्यांच्या कागदावर पूर आहे. आमच्या घरात कमरेपर्यंत पाणी आलं, आणि आमच्या खरेदीखतात, इंडेक्स टूमध्ये, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटमध्ये, कुठेही पूर हा शब्द नाही. मी सगळी फाइल दोनदा वाचली. चतुःसीमा लिहिताना एका बाजूला फक्त 'नदी' असं लिहिलंय.

बाबांना विचारलं, तुम्ही पानशेतच्या घरातले, तरी नदीकाठी घर का घेतलं? ते म्हणाले की स्वस्त होतं, मोठं होतं, आणि बिल्डरच्या ब्रोशरवर नदीचं चित्र छान होतं. शिवाय धरण आता पक्कं बांधलंय, पुन्हा थोडंच फुटणार आहे. पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीची हीच समजूत होती असं मला वाटतं. पानशेतमुळे पूर म्हणजे धरण फुटणं, असं डोक्यात बसलं. धरण न फुटता, दरवाजे नीट उघडून, सायरन वाजवून सोडलेलं पाणीही घरात येऊ शकतं, हे कोणाच्या मनात नव्हतं.

सरकारच्या मनात मात्र होतं. केंद्राने १९७५ मध्ये पूरमैदानांची विभागणी करणाऱ्या कायद्याचा एक नमुना मसुदा राज्यांना पाठवला. नदीच्या कडेची जमीन पट्ट्यांमध्ये वाटा, कुठे काय बांधायचं ते ठरवा, असा त्याचा गाभा. मणिपूरने १९७८ मध्ये तसा कायदा केला, राजस्थानने १९९० मध्ये. बहुतेक राज्यांनी मसुदा कपाटात ठेवला. महाराष्ट्राने कायद्याऐवजी पाटबंधारे खात्याचं एक परिपत्रक काढलं, सप्टेंबर १९८९ मध्ये. आज आपण बातम्यांमध्ये ऐकतो त्या निळ्या आणि लाल रेषा या परिपत्रकातल्या.

थोडक्यात सांगते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येईल एवढा पूर जिथपर्यंत जातो ती लाल. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मधला नियंत्रित. नियंत्रित पट्ट्यात आजच्या नियमांप्रमाणे बांधता येतं, पण जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर ठेवावी लागते.

इथे जरा थांबा, कारण '२५ वर्षांतून एकदा' हे शब्द फसवे आहेत. ऐकलं की वाटतं, आत्ताच २०२४ मध्ये आला ना, मग आता २०४९ पर्यंत निवांत. तसं नाहीये. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. तुम्ही २० वर्षांचं होम लोन घेऊन बरोब्बर निळ्या रेषेवरचं घर घेतलं, तर लोन फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात यायची शक्यता साधारण ५६ टक्के निघते. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेवर, म्हणजे ज्याला आपण शंभर वर्षांचा पूर म्हणून हसण्यावारी नेतो तिथे, त्याच २० वर्षांत १८ टक्के. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: ०.९६ ला स्वतःशीच वीस वेळा गुणा आणि आलेलं उत्तर एकातून वजा करा.

आणि हे गणितही नदी कागदावरच्यासारखीच मोकळी असेल तर. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकच्या हिशोबाने आखलेली. २०२४ च्या जुलैमध्ये आमच्याकडे पाणी आलं तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५ हजारांच्या आसपास होता. वरून शहरात आणि घाटात कोसळलेला पाऊस होता हे खरं, पण नदीपात्रात वर्षानुवर्षं टाकलेला राडारोडाही होता. रेषा नकाशावर जिथे होती तिथेच राहिली, पाणी वर आलं.

बरं, मग ही रेषा घर घेणाऱ्याला कोण सांगतं? १९६३ मध्ये, पानशेतनंतर दोनच वर्षांनी, महाराष्ट्रात फ्लॅटचा कायदा आला, मोफा. बिल्डरने काय काय उघड करायचं याची त्यात यादी आहे: मालकी, बोजा, नकाशे, मंजुऱ्या. पूर नाही. २०१६ मध्ये रेरा आला, त्यामुळे नव्या प्रोजेक्टची बरीच माहिती घरबसल्या मोबाईलवर दिसते, आणि बिल्डरच्या जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. पण आमच्यासारखं जुनं घर, माणसाने माणसाला विकलेलं, रिसेल, ते रेरात येत नाही.

मला वाटलं, संपलं. बाबा जिंकले. आणि मग माझ्या वकील मैत्रिणीने एक कायदा दाखवला, १८८२ सालचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. मालमत्तेतला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही तो त्याला कळला नसता, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. आणि त्याच कलमाच्या शेवटी, न सांगणं म्हणजे फसवणूक, असं स्पष्ट म्हटलंय. त्यात पूर हा शब्द नाही. पण विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, ही पळवाट इंग्रजांच्या काळातच बुजवलेली होती.

मैत्रिणीने दुसरी बाजूही दाखवली, आणि ती महत्त्वाची आहे. 'साधारण काळजी घेऊनही' या शब्दांवर वकील तासभर भांडू शकतात. निळी रेषा विकास आराखड्याच्या नकाशावर असते, महापालिकेत जाऊन बघता येते. मग ती 'कळण्यासारखी' होती की नव्हती? नदी खिडकीतून दिसत होती, मग तुम्ही विचारलं का नाही? शिवाय करारात वेगळं लिहून घेतलं असेल तर हे कलम मागे पडतं, म्हणूनच रिसेलच्या करारात 'आहे त्या स्थितीत पसंत आहे' अशी ओळ हमखास असते. पण रंगाखाली गेलेली पाण्याची रेघ? ती कुठल्याच नकाशावर नाही. ती फक्त विकणाऱ्याला माहीत असते. मैत्रीण म्हणाली, "रेषा खरेदीदार शोधू शकतो. रेघ नाही."

आता इन्शुरन्स. हा भाग ऐकताना तुम्ही स्पीड वाढवता हे मला माहितीये, पण नका वाढवू.

अमेरिकेत १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला भयंकर पूर आला, आणि त्यानंतर खाजगी कंपन्यांनी पुराचा विमा विकणं जवळजवळ सोडूनच दिलं. कारण साधं आहे. आगीचा विमा सगळे काढतात, पुराचा फक्त नदीकाठचे काढतात, आणि त्यांच्याकडे पाणी येतं ते एकाच दिवशी सगळ्यांकडे. पैसे भरणारे थोडे, मागणारे सगळे. मग १९६५ मध्ये बेट्सी नावाचं वादळ आलं, आणि १९६८ मध्ये सरकारने स्वतः पुराचा विमा सुरू केला. अट अशी की गावाने पूरक्षेत्रातल्या बांधकामावर नियम लावायचे, तर त्या गावातल्या लोकांना विमा मिळेल. लोकांनी काय केलं? काहीच नाही. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनिया बुडवलं तेव्हा विमा काढलेली घरं अगदी मोजकी निघाली. मग १९७३ च्या कायद्याने बँकांना गाठलं: घर नकाशावरच्या पूरक्षेत्रात असेल तर पुराच्या विम्याशिवाय लोन द्यायचं नाही. तिथपासून तिथे पुराची रेषा बँकेच्या टेबलावर आली.

पण विकणाऱ्याने सांगण्याची सक्ती तिथेही देशभर नाही, राज्याराज्यांत वेगळं आहे. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. तिथे २०२३ मध्ये कायदा झाला आणि मार्च २०२४ पासून विकणाऱ्याला फॉर्म भरून द्यावा लागतो: घर पूरक्षेत्रात आहे का, कधी पुराने नुकसान झालंय का, विम्याचा दावा केला होता का. तो म्हणाला, एवढ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे सोसायटीचा वॉचमन देतो. खरं आहे. आमच्या वॉचमनला प्रत्येक पायरीवर किती पाणी होतं ते पाठ आहे. पण त्याला कोणी विचारत नाही.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. घराचा विमा मिळतो, आणि त्यात पूर धरलेलाच असतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावीच लागते. आग, भूकंप, वादळ, पूर सगळं त्यात. घराची रक्कम बाजारभावाने ठरत नाही, पुन्हा बांधायला लागेल त्या खर्चाने ठरते, कारण जमीन वाहून जात नाही. म्हणून हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी बसतो. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, हे आपोआप धरलं जातं. खाली पार्क केलेल्या गाड्या त्यात नाहीत, त्यांचा विमा वेगळा. (आणि बुडालेली गाडी 'बघू तरी' म्हणून स्टार्ट करू नका. आमच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी चौघांनी केली, चारही इंजिनं गेली.)

एवढं असूनही आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी एकाकडेही ती पॉलिसी नव्हती. बाबांना खात्री होती की आपल्याकडे आहे. २०१६ मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी लोन घेतलं तेव्हा बँकेतल्या माणसाने "इन्शुरन्स करावाच लागतो" म्हणून एक पॉलिसी गळ्यात मारली होती. पाणी उतरल्यावर चिखलात बसून आम्ही ती फाइल वाचली. विमा होता, बाबांच्या आयुष्याचा. बाबा गेले तर बँकेचे पैसे फिटणार होते. घर गेलं तर काही नाही. आई म्हणाली, "म्हणजे बँकेला तुमची काळजी आहे, घराची नाही." त्या दिवसातलं आमचं ते एकमेव हसणं.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ प्रत्येक कागदावर रेषा छापा ना. मलाही तसंच वाटत होतं. पण चिपळूणचं बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने अख्खं गाव बुडवलं. त्यानंतर तिथे निळ्या-लाल रेषांचे नकाशे आले, तेव्हा बाजारपेठेसकट गावाचा केवढा तरी भाग रेषांच्या आत निघाला. आणि पुरात सगळं गमावलेले लोकच या रेषांच्या विरोधात उभे राहिले. का नाही राहणार? रेषा आली की पुनर्बांधणीची परवानगी अडकते, किंमत पडते. पूर आठ-दहा तासांचा, रेषा कायमची. नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा, हे त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. बाबांची भीती नेमकी तीच होती. आयुष्यभराची कमाई या एका घरात, ते विकून वरच्या मजल्याचं लहान घर घ्यायचं. सांगितलं आणि पाच-सात लाख उतरले तर ते वरचं घर हातातून जाणार. आणि नाही सांगितलं तर एका वर्षाच्या बाळाचा पाळणा त्या भिंतीशी लागणार.

भांडण आठवडाभर चाललं. शेवटी ते मिटवलं काकांनी, म्हणजे खरं तर आजीने. काका पूरग्रस्त सोसायटीची जुनी फाइल घेऊन आले होते, काहीतरी झेरॉक्स हवी होती म्हणून. त्यात आजोबांच्या हस्ताक्षरात नुकसानीची यादी निघाली. भांडी, पाट, शिवणयंत्र, 'सौ.ची पैठणी १'. बाबांनी ती दोनदा वाचली आणि काही न बोलता घडी घालून परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटला न सांगता त्या जोडप्याला फोन केला. मी शेजारीच होते. "परवा तुम्ही पाण्याचं विचारलं होतं ना, त्याबद्दल थोडं सांगायचं राहिलं," असं म्हणाले. पुढची पंधरा मिनिटं तारखा, पायऱ्या, सायरन किती वाजता झाला, सगळं. त्यांना रविवारी पुन्हा बोलावलं आणि शोकेस सरकवून रेघ दाखवली. ताईंनी मोबाईलवर तिचा फोटो काढला. दादा वॉचमनशी बोलून आले. मग दोघं बाहेर जाऊन गाडीत बराच वेळ बसून होते.

त्यांनी चार लाख कमी करून मागितले. बाबांनी अडीच सांगितले. सध्या तीन आणि सव्वातीनमध्ये अडकलंय. एजंट आमच्याशी बोलत नाही. मैत्रिणीने कराराच्या मसुद्यात एक परिच्छेद घातलाय: जुलै २०२४ मध्ये सदर सदनिकेत पुराचे पाणी शिरले होते व त्याची पातळी घेणार यांस प्रत्यक्ष दाखविण्यात आली आहे. बाबांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली. 'पातळी'च्या पुढे फूट-इंच लिहा म्हणाले, आणि टेप घेऊन स्वतः मोजायला गेले. तीन फूट दोन इंच.